चष्मेवालीचे हितसंबंध

४ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे मला बंद करून टाकलं आहेस. पत्राला अजून तशी सोय निघालेली नाही. फाडायचं म्हटलं तरी पाकिटावरचं अक्षर ओळखूनच फाडशील, तेवढी ओळख सध्या मला पुरे आहे.

ऑक्टोबरमध्ये तू गेलीस ती एकच वाक्य बोलून. तेव्हा माझी बाजू ऐकायची राहिली. ती आता ऐक.

तू मला एकदा म्हणाली होतीस, "कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, असला कसला गं तुझा ज्ञानकोश?" असलाच आहे तो. इंटरनेटवर आहे, फुकट आहे, आणि आमच्यासारखी बिनपगारी माणसं तो सांभाळतात. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. निवृत्त झाल्यावर हे काम मिळालं नसतं तर मी शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या दुरुस्त करत हिंडले असते. तिथे खऱ्या नावाने कुणी वावरत नाही. माझं टोपणनाव चष्मेवाली.

आता नियम. आपल्या माणसावर आपण लेख लिहू नये. नवऱ्याने बायकोवर, मालकाने दुकानावर, शिष्याने गुरूवर लिहू नये. लिहायचंच असेल तर आधी नातं जाहीर करावं, आणि मजकूर चर्चा पानावर ठेवून परक्या माणसांना ठरवू द्यावं. कारण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तुलाही माहीत आहे. तू काय केलंस? नवरा गेल्यावर अडीच वर्षांनी एका दमात त्याच्यावर दोन पानी लेख लिहिलास आणि नातं सांगितलं नाहीस. "बाराशे माणसांना त्यांनी पुन्हा मान वर करून चालायला शिकवलं." हे वाक्य कुठे छापून आलं आहे? "रंग देताना ते श्वास रोखून धरत." हे कोण पाहायला गेलं होतं? "त्यांचे हात नेहमी उबदार असत." त्यापुढे मी "संदर्भ हवा" अशी खूण केली. उबदार हातांना छापील संदर्भ तू कुठून आणणार होतीस?

हात उबदार होते हे मला माहीत आहे. पण मला माहीत असून चालत नाही.

लेख वगळला गेला तो सात दिवस चर्चा होऊन, रीतसर. मी नियमाने वागले. राग नियमावर काढ.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

मागचं पत्र परत आलं नाही, तेव्हा पोचलं असं धरते. टाकल्यावर दोन दिवसांनी ते मनातल्या मनात पुन्हा तपासलं. चूक एकही नव्हती, आणि तरी सगळं चुकलेलं होतं. असं मुद्रित माझ्या हाती आलं असतं तर मी लेखकाला परत पाठवलं असतं.

तू ज्यावरून रागावली आहेस त्याबद्दल मी त्यात अक्षर लिहिलं नाही. लेखाला वगळण्याची नोटीस लागली त्या दिवशी तू मला फोन केला होतास. रडत होतीस.

"ताई, कोण गं ही मेली चष्मेवाली? हिच्या घरात कधी कुणी गेलं नाही का?"

आणि मी म्हणाले, "असेल कुणी रिकामटेकडी. मनावर नको घेऊस."

नंतर आठ दिवस तू रोज फोन करायचीस आणि मी रोज तुझी समजूत घालायचे. फोन ठेवला की संगणक उघडून पुढचं उत्तर लिहायचे. एक दिवस तर तू विचारलंस, "अशा बाईला काय उत्तर देऊ?" आणि मी तुला वाक्य सांगितलं. तू ते तसंच लिहिलंस. त्याला मीच उत्तर दिलं, चांगलं सणसणीत. बुद्धिबळात डाव्या हाताने उजव्या हाताला हरवावं तसा तो प्रकार होता, आणि खरं सांगते, त्या घटकेला मला गंमतही वाटली होती.

मग तू दोन दिवस राहायला आलीस. मेल बघायला संगणक मागितलास. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि माझ्या लक्षातच आलं नाही की पान उघडं आहे, वर कोपऱ्यात नाव आहे. तू दारात येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "चष्मा सगळ्या घरभर शोधला, ताई. नाकावरच होता." बस, एवढंच. पिशवी भरलीस. चहा तसाच राहिला.

आता नियमाचं. हितसंबंधाचं कलम फक्त स्तुती करणाऱ्याला लागू नाही, खोडणाऱ्यालाही आहे. ज्या लेखाशी आपलं नातं आहे तो वगळावा असा प्रस्ताव आपण मांडू नये. मांडलाच तर नातं सांगून मांडावा. हे वाक्य त्या नियमाच्या पानावर मीच तीन वर्षांपूर्वी नीट करून घातलं होतं. तुला मी हितसंबंधी ठरवलं. मी स्वतः कोण होते? त्याच्या लग्नात तुझ्या मागे उभी राहिलेली कोण होती? मी नातं जाहीर केलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण माझ्यासमोर कुणी वापरू नये असं मला नेहमी वाटायचं. आता मीच वापरते.

याबद्दल मी तुझी माफी मागते. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून सरळ लिहिली.

ताई

११ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. तेही बरोबरच आहे. कारण माफी मागितली ती अर्ध्या गोष्टीची, आणि तुला लहानपणापासून माझं अर्धं बोलणं ओळखता येतं.

लेख का वगळला गेला? "या व्यक्तीविषयी कोणताही स्वतंत्र छापील संदर्भ उपलब्ध नाही." हेच कारण नोंदलं गेलं. चर्चा चालू असताना एका सदस्याने, दूरच्या कुठल्याशा कॉलेजातले मास्तर आहेत ते, तळमळीने विचारलं होतं: "काम मोठं दिसतं. कुणाला एखादं मासिक, अहवाल, काही माहीत आहे का?" सात दिवस तो प्रश्न तिथे होता. मी दिवसातून दोनदा पान उघडून तो वाचत होते.

संदर्भ माझ्या कपाटात होता. खालच्या खणात, जुन्या शब्दकोशांच्या मागे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, फक्त कळसा काखेत आहे हे मला पुरतं ठाऊक होतं.

नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचं त्रैमासिक आमच्या छापखान्यात छापलं जायचं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका अंकात तुझ्या नवऱ्यावर चार पानं आहेत. डॉक्टरांच्या वार्षिक बैठकीत संपादकांनी त्याने घडवलेल्या एका डोळ्याचा फोटो फिरवला, दोन्ही डोळे दिसतील असा, आणि विचारलं, यातला कृत्रिम कोणता? एकोणीस डॉक्टर होते. चौदा जणांनी चांगल्या डोळ्यावर बोट ठेवलं. बुबुळाचे रंग तो कसे चढवतो, पांढऱ्यावरच्या बारीक शिरांसाठी लाल रेशमाचा धागा कसा उकलून बसवतो, सगळं लिहिलं आहे. एवढा एक संदर्भ पुरला असता. पण सोबत तो फोटो छापलेला आहे, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. खाली ओळ आहे: "रुग्ण व्यवसायाने मुद्रितशोधक असून रोज आठ तास वाचन करते."

ती कोण, हे या जगात तीन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक गेलं.

सव्विसाव्या वर्षी डोळ्याच्या आत गाठ निघाली आणि डोळा काढावा लागला, तेव्हा छापखान्यात मी पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. एका डोळ्याच्या बाईला मुद्रितं तपासायला कोण देणार? चूक कुणाचीही राहिली असती तरी बोट माझ्या डोळ्याकडे गेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच्याकडे सहा बैठका झाल्या, आठवतं? खिडकीशी खुर्ची, कारण रंग दिवसाच्याच उजेडात जुळवायचा. तू सोबत यायचीस, बाकावर बसून संत्री सोलायचीस आणि त्याला हसवायचीस. तो चिडून म्हणायचा, "अहो, ब्रश हलतो!" सहा बैठका तो माझ्या डोळ्यात बघत होता आणि लग्न तुझ्याशी केलं. मला वाईट वाटलं नाही असं मी कधी म्हटलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. वाटलं होतं. महिनाभर वाटलं. मग तो मला इतक्या सहज "ताई" म्हणायला लागला की त्या वाटण्याला बसायला जागाच उरली नाही. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही असं लिहिणार होते, पण असेलही थोडा. मी आता कशाचीच खात्री देत नाही.

फोटोला परवानगी मीच दिली होती. त्याने इतकी गळ घातली, आणि त्याने माझ्यासाठी जे केलं त्यापुढे नाही म्हणणं जमेना. पण ती मुद्रितं तपासायला माझ्याच टेबलावर आली आणि त्या व्यवसायाच्या ओळीवर मी अडले. ती ओळ मी काढू शकत नव्हते. संपादक परत बघणार होते. मग छपाईच्या दिवशी मी मशीनमनकडे गेले आणि म्हणाले, "या पानाला शाई जरा सढळ सोडा, फोटोचा ब्लॉक फिका आहे." ब्लॉक फिका नव्हता. चारशे प्रतींमध्ये तुझ्या नवऱ्याचं सगळ्यात चांगलं काम काळ्या डागासारखं उमटलं. त्याने अंक उघडला, बराच वेळ बघितला, आणि मला म्हणाला, "छपाईत असं होतं कधीकधी, नाही का ताई?" त्याला कळलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी "हो" म्हणाले.

तुझा लेख आला तेव्हा आधी मी फक्त भाषा सुधारत होते, शपथ घेऊन सांगते. पण मग कुणीतरी चर्चा पानावर लिहिलं, "यांच्या कामाचा एखादा फोटो मिळेल का?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी वगळण्याचा प्रस्ताव टाकला. नियमासाठी नाही टाकला. स्वतःला वाचवायला टाकला. त्या माणसाचं नाव पुसलं जात होतं आणि मी ते त्यानेच दिलेल्या डोळ्यासकट बघत बसले होते.

तो गेल्यापासून डोळ्याला पॉलिश नाही. दुसरीकडे जायचं मनात येत नाही. पापणी खुपते. हे दया यावी म्हणून लिहीत नाही, बाकी सगळं लिहिलं तर हे का लपवू म्हणून लिहिलं.

ताई

२ एप्रिल

धाकटे,

केलं एकदाचं.

माझ्या सदस्य पानावर, पाच वर्षांच्या कामाची यादी असते तिच्या वर, असं लिहिलं: "या लेखाच्या विषयाची पत्नी माझी सख्खी बहीण आहे. लेखविषय व्यक्तीने बनवलेला कृत्रिम डोळा मी सदतीस वर्षं वापरते. या दोन्ही गोष्टी लपवून मी हा लेख वगळण्याचा प्रस्ताव मांडला, आणि लेखाच्या बाजूचा छापील संदर्भ माहीत असून सांगितला नाही." खाली त्रैमासिकाचा अंक आणि पानांचे क्रमांक दिले. चार ओळी लिहायला सकाळचे साडेतीन तास लागले. बटण दाबलं आणि उठून भांडी घासली. घासलेलीच होती ती.

आमच्यावर देखरेख करणाऱ्या प्रचालकांचं टोपणनाव गोगलगाय आहे. ते चार दिवसांनी आले, पण आले ते सगळं वाचून. लेख वगळण्याचा निर्णय त्यांनी मागे घेतला आणि चर्चा पुन्हा उघडली. मला सहा महिने कुठल्याही लेखाला नोटीस लावायची बंदी झाली. तोवर ठीक होतं. पण मग एकाने लिहिलं, "या बाईंनी आजवर लावलेल्या अकराशे खुणा आता पुन्हा तपासायला हव्यात. त्यांतल्या किती वैयक्तिक होत्या कुणास ठाऊक." एकही नव्हती, धाकटे. पण हे कुठल्या तोंडाने सांगू? कुंपणच शेत खातं म्हटल्यावर बाकीच्या कणसांचा हिशेब कुंपणाने द्यायचा नसतो. ज्यांनी मला पाच वर्षं "ताई, हे बघता का" म्हणून विचारलं, ते आता माझ्या मागून एक एक खूण उचकटून बघत आहेत. रोज बघते. वाईट वाटतं. छापखान्यातून बाहेर पडताना वाटलं नव्हतं इतकं.

त्रैमासिकाबद्दल माझा शब्द कुणी धरला नाही, आणि धरायलाही नको होता. कॉलेजातले मास्तर स्वतः एका वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन अंक काढून आले. त्यांनी कळवलं: "चारही पानं आहेत. मजकूर सांगितल्याप्रमाणे. फोटोत मात्र काळ्या ढगापलीकडे काही दिसत नाही." एकाने विचारलं, या सदस्या स्वतःच आहेत, तर त्यांनीच सांगावं डोळा कसा आहे ते. त्यावर गोगलगाय म्हणाले, सदस्याचा चेहरा हा संदर्भ म्हणून धरता येत नाही, तो कुठे प्रकाशित झालेला नाही. वाचून मी इतकी हसले की दोन्ही डोळ्यांना पाणी आलं. डोळा काढून टाकला तरी पाणी येतं, हे त्यानेच मला पहिल्यांदा सांगितलं होतं.

मूठ अर्थातच उघडली. परवा आमच्या जुन्या फोरमनचा फोन आला. त्यांचा नातू त्या ज्ञानकोशात काहीबाही लिहितो म्हणे, त्याने वाचून दाखवलं.

"बाई, चौतीस वर्षं दोन टेबलं सोडून बसलो हो तुमच्या! कोणता?"

"ओळखा."

बराच वेळ ते आठवत राहिले. मग एक सांगितला. चुकीचा. चौदा डॉक्टर आणि एक फोरमन. मी त्यांना खरं सांगितलं तर म्हणाले, "काय सांगता! मग त्या डोळ्याने तुम्ही माझ्याकडे इतक्या रागाने कसं बघायचात?" सदतीस वर्षं मी ज्या क्षणाला घाबरत होते तो असा आला, आणि पाच मिनिटांत ते गुडघेदुखीवर बोलायला लागले.

हे मी तुला खूश करायला केलं असं समजू नकोस. केलं तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठीच, पण त्यावरून तू बोलायला लागलंच पाहिजेस असं नाही.

ताई

२० एप्रिल

धाकटे,

आज सकाळी चर्चा पान उघडलं आणि तिथे तुझं नाव दिसलं. टोपणनाव नाही, खरं, आडनावासकट. पत्रांना उत्तर दिलं नाहीस आणि उत्तर दिलंस ते जगासमोर, प्रचालकांना उद्देशून, नमुन्यातल्या रकान्यांत भरून. मी ते इथे उतरवून घेते. तूच लिहिलं आहेस, तरी मला ते माझ्या हाताने एकदा लिहायचं आहे.

"हितसंबंधांची घोषणा. मी लेखविषय व्यक्तीची पत्नी आहे. पहिला लेख मी लिहिला तेव्हा हे जाहीर केलं नाही, ही माझी चूक. दुसरी गोष्ट. वर उल्लेख झालेला त्रैमासिकाचा अंक माझ्याकडेही आहे. यजमानांच्या टेबलाच्या खणात होता. लेख लिहिताना तो पूर्ण वेळ माझ्या शेजारी उघडा होता. त्यातला एकही शब्द मी वापरला नाही आणि संदर्भ दिला नाही, कारण फोटोतली व्यक्ती माझी ताई आहे आणि तिला ते कुणाला कळायला नको होतं. वगळण्याच्या चर्चेत संदर्भ मागितला गेला तेव्हाही मी गप्प राहिले. या लेखाबाबत माझा सगळ्यात मोठा हितसंबंध हा होता. तो आता जाहीर करते."

मी ते तीन वेळा वाचलं. तुझ्या हातात पुरावा होता. एक ओळ टाकली असतीस तर तुझ्या नवऱ्याचं नाव त्याच दिवशी राहिलं असतं. ते सात दिवस तू मला फोन करून रडत होतीस, अंक समोर ठेवून, आणि माझ्यासाठी गप्प होतीस. मी इकडे माझा अंक कपाटात ठेवून माझ्यासाठीच गप्प होते. तू मला वाचवत होतीस आणि मी तुला खोडत होते. मी नियमाची इतकी कलमं पाठ केली, पण हितसंबंध या शब्दात हेही येत असेल हे माझ्या ध्यानातच कधी आलं नव्हतं. संगणकासमोर बसून मी रडले. मोठ्याने. खालच्या मजल्यावरची डॉक्टरीण बघायला वर आली.

लेख परत लागला आहे. नऊ ओळींचा. मास्तरांनी लिहिला आहे, कोरडा आणि चोख. बाराशे माणसांची वर केलेली मान त्यात नाही, उबदार हात नाहीत. दुरुस्त करायला तुलाही मनाई आहे आणि मलाही. गोगलगायींनी आपल्या दोघींची नावं एकाखाली एक लिहून पुढे शेरा मारला आहे: "बहिणी. दोघींनीही या लेखाला हात लावू नये." मला तो शेरा फार आवडला.

तुझ्या घोषणेच्या तळाशी अजून एक ओळ आहे. "छापील फोटो खराब आहे. मूळ फोटो माझ्याकडे आहे, अगदी स्वच्छ. ताईची लेखी परवानगी असल्याशिवाय मी तो देणार नाही."

ही घे. मी, फोटोतली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दबावाखाली नसताना, परवानगी देते. खाली सही करते. कागदाचा एवढा भाग फाडून प्रचालकांना पाठव.

पण फोटो चढवायच्या आधी इथे घेऊन ये. मी तो कधीच पाहिलेला नाही. मुद्रित आलं तेव्हा मी फोटो हाताने झाकून फक्त त्याखालची ओळ तपासली होती.

ताई